विहिरीतली पूड, खाडीतला मासा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वसईत आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या अंगणात एक हौज होता. वजू करण्यासाठी बांधलेला, चारी बाजूंनी बसायला दगडी कट्टा असलेला. डास होऊ नयेत म्हणून त्यात बारीक मासे सोडलेले असत आणि आम्हा पोरांना बघत बसायला दोन-चार मोठेही होते. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. एका पावसाळ्यात गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. विहिरींमध्ये पांढरी पूड टाकण्यात आली. कुणीतरी उत्साहाच्या भरात तीच पूड ओंजळीने हौजातही टाकली. दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजाहून अब्बा परतले ते गप्पच. मी धावत जाऊन पाहिलं, तर सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पाणी मात्र इतकं स्वच्छ, की तळाची फरशी मोजता यावी.

मदरशात आम्हाला शिकवलं होतं की नापाक वस्तूने पाण्याचा रंग, चव किंवा वास बदलला तर ते पाणी पाक राहत नाही. मी मौलवीसाहेबांना विचारलं, "पाण्याचा वास तर बदललाय. मग हे पाणी पाक की नापाक?" ते म्हणाले, "वास औषधाचा आहे, घाणीचा नाही. माणसासाठी पाक आहे, बेटा. माशांचं मला ठाऊक नाही."

श्रोतेहो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. पण मौलवीसाहेबांचं ते शेवटचं वाक्य पुढे अनेक वर्षं मनात राहिलं आणि त्याच्या मागे लागून मी त्या पांढऱ्या पुडीचा इतिहास वाचत गेलो. तो आज तुम्हाला सांगणार आहे. त्याचे दोन भाग आहेत. माणूस पाण्यात क्लोरीन घालायला कसा शिकला, हा पहिला. वापरून झालेल्या पाण्यातून तो क्लोरीन काढून टाकायला माणूस कसा शिकतो आहे, हा दुसरा. पहिला भाग आपण पाठ केला आहे. दुसरा अजून नीट वाचलेला नाही.

क्लोरीन येतो कुठून? मिठातून. नायगाव, जूचंद्रच्या बाजूला आगगाडीच्या खिडकीतून जी मिठागरं दिसत आली, तसल्याच मिठातून. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला कॉस्टिक सोडा तयार होतो आणि दुसऱ्या बाजूला हिरवट पिवळा, नाकाला झोंबणारा वायू बाहेर पडतो. १७७४ साली स्वीडनमध्ये शेले नावाच्या औषधविक्रेत्याने तो प्रथम वेगळा केला, अर्थात विजेने नव्हे, आम्लाच्या साह्याने. १८१० मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने तो एक मूलद्रव्य असल्याचं सांगितलं आणि फिकट हिरव्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं.

त्याचा पहिला उपयोग परिटाचा. कापड पांढरं करायला पूर्वी ते महिनोन् महिने उन्हात पसरून ठेवावं लागे. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने चुन्यात हा वायू मुरवून कोरडी पूड तयार करण्याचं पेटंट घेतलं. हीच आपली ब्लीचिंग पावडर. आपल्या ग्रामपंचायतींमध्ये आणि आरोग्य केंद्रांमध्ये तिला टीसीएल म्हणतात.

पुढची गोष्ट गमतीची आहे. त्या काळी युरोपातल्या शहाण्या लोकांची समजूत अशी, की रोगराई दुर्गंधीतून पसरते. म्हणून जिथे घाण वास, तिथे ही पूड. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी इतकी सडली, की पार्लमेंटमध्ये बसणं अशक्य झालं. तेव्हा खिडक्यांचे पडदे या पुडीच्या पाण्यात भिजवून टांगले होते. खरं तर त्याआधीच दोन माणसांनी योग्य दिशेला बोट दाखवलं होतं. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने सहकाऱ्यांना या पुडीच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर जॉन स्नो याने पटकीची साथ एका पंपाच्या पाण्यातून पसरल्याचं दाखवून दिलं. पण दोघांचं म्हणणं त्यांच्या हयातीत नीट रुजलं नाही. औषध हाती होतं आणि ते का लागू पडतं हे मात्र कुणाला कळत नव्हतं.

ते कळण्यासाठी विज्ञानाला आपल्या देशात यावं लागलं. जर्मनीचे रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यात आले. पटकीच्या रोग्यांमध्ये आणि तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात त्यांना स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. आपल्या गावोगावी तोवर पटकी म्हणजे मरीआईचा कोप. गाडा निघे आणि गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडला जाई. त्या लोकांना मी हसत नाही. संकट गावात असतं, ते वेशीबाहेर नेऊन टाकलं की आपण सुटलो, ही समजूत तेव्हाच्या माणसांचीच होती असं नाही. आजच्या शहरांचीही आहे. त्याकडे पुढे येतो.

कॉखनंतर आग्र्याला सरकारी रसायनतज्ज्ञ असलेल्या हँकिन यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला. जुनी माणसं विहिरीतल्या 'लाल औषधा'ची आठवण सांगतात ती याचीच. पांढऱ्या पुडीने पिण्याचं पाणी शुद्ध करण्याचे प्रयोगही त्याच सुमाराला सुरू झाले. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावात विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा नळाच्या वाहिन्या या पुडीने धुऊन काढल्या. १९०५ मध्ये लिंकन शहरात पाण्यात क्लोरीनचं द्रावण नेमाने सोडलं जाऊ लागलं. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीने रोजच्या पाणीपुरवठ्यात ते सुरू केलं. जॉन लील या डॉक्टरने हे काम फारसा गाजावाजा न करता केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. लोकांच्या पाण्यात तुम्ही विष कालवता, हा आक्षेप. डॉक्टर साक्षीला उभा राहिला. योग्य मात्रेत हे विष नाही, असं त्याने सांगितलं आणि कोर्टाने ते मानलं. त्यानंतर जगभरातल्या शहरांनी त्याचा कित्ता गिरवला.

'योग्य मात्रेत' हे दोन शब्द लक्षात ठेवा. कारण जर्सी सिटीनंतर सातच वर्षांनी, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने हाच वायू नळकांड्यांतून शत्रूच्या खंदकांवर सोडला. तिथे आपले हिंदी सैनिकही लढत होते. मीर दस्त या जमादाराने त्या वायूत गुदमरलेल्या अवस्थेत आपल्या जखमी अधिकाऱ्यांना वाचवलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घरात नळाच्या पाण्यात पहारा करणारा तोच वायू आणि खंदकात माणसं मारणाराही तोच.

तरी एक गोष्ट निर्विवाद सांगायला हवी. या पुडीने वाचवलेल्या माणसांची गणती होणार नाही. आपल्या खेड्यापाड्यांत आजही जलसुरक्षक सकाळी विहिरीत टीसीएल टाकतो. सर्वसाधारण हिशेब असा, की चांगल्या प्रतीची पूड असेल तर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम आणि त्यानंतर तासभर थांबायचं. मग नळीत पाणी घेऊन ओ.टी. चाचणी. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, पहारेकरी जागा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. आषाढी वारीच्या वाटेवर एके काळी पटकी ठरलेली असे. तिथे लाखो माणसं आज बिनघोर पाणी पितात, त्यात या चिमूटभर पुडीचा वाटा मोठा आहे. तिच्यावर टीका करताना हे विसरणं कृतघ्नपणा होईल.

आता इतिहासाचा दुसरा भाग.

पाणी आपण पितो, वापरतो, मोरीत ओततो. त्याचं सांडपाणी होतं. त्यात रोगजंतू असतात, म्हणून नदीत सोडण्यापूर्वी सांडपाण्यातही क्लोरीन घालायची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. अमेरिकेत तर ती सर्रास झाली. आणि १९७० च्या दशकात तिथल्या नद्यांमधून मेलेल्या माशांच्या बातम्या येऊ लागल्या. व्हर्जिनियातल्या जेम्स नदीच्या मुखाजवळ १९७३ आणि १९७४ मध्ये मोठ्या प्रमाणावर मासे मेले. शोध घेता घेता संशय सांडपाण्यातल्या क्लोरीनवर आला. घाणीने मासे मरतात हे सगळ्यांना माहीत होतं. घाणीवरच्या औषधाने मरतात, हे नवीन होतं.

असं का व्हावं? आपण क्लोरीनचं पाणी पितो तेव्हा ते पोटात जातं आणि तिथे तो क्लोरीन निकामी होतो. मासा पाणी नुसतं पीत नाही, तो पाण्यात श्वास घेतो. त्याचे कल्ले म्हणजे उघडं फुप्फुसच. पाणी आणि रक्त यांच्यात एक पातळ पडदा, तेवढंच अंतर. क्लोरीन त्या कल्ल्यांना भाजून काढतो. त्यातून सांडपाण्यात अमोनिया असतो. त्याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं. ते लवकर उडून जात नाही, कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं. आपल्यातही एक उदाहरण आहे. डायलिसिसच्या रुग्णाचं रक्त पाण्याच्या इतकं जवळ येतं, की त्या पाण्यातून क्लोरीन आणि क्लोरामाइन आधी गाळून काढावंच लागतं. म्हणजे डायलिसिसच्या खाटेवरचा माणूस त्या घटकेपुरता माशाच्या जागी असतो.

त्याच सुमाराला, १९७४ मध्ये, नेदरलँड्सच्या योहानेस रोक यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. पाण्यातल्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्याशी, सेंद्रिय घाणीशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफॉर्मसारखी घातक द्रव्यं तयार होतात. पाणी जितकं मळकट, तितकी ती जास्त. खाडीच्या खाऱ्या पाण्यात तर ब्रोमाइडही असतं. तिथे क्लोरीन गेला की ब्रोमिनची संयुगं होतात आणि तीही जलचरांना बाधतात.

या सगळ्यातून अमेरिकेने धडा घेतला. १९८० च्या दशकात तिथल्या पर्यावरण संस्थेने जलचरांसाठी मर्यादा सुचवली. गोड्या पाण्यात दीर्घकाळासाठी लिटरमागे ११ मायक्रोग्रॅम, खाऱ्या पाण्यात साडेसात. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. आपल्या नळाला किमान जितका क्लोरीन असावा लागतो, त्याच्या अठराव्या हिश्शाहून कमी. मग जंतू मारून झाल्यावर उरलेला क्लोरीन काढून टाकण्याची व्यवस्था आली. त्यासाठी सोडियम बायसल्फाइट किंवा सल्फर डायऑक्साइड वापरतात. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना ही युक्ती माहीत आहे. नळाचं पाणी भरलं की ते त्यात एका औषधाचे थेंब टाकतात. त्या औषधातला हायपो म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला हायपोच. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी अतिनील किरणांचे दिवे लावून जंतू मारू लागले. मागे काही उरायला नको.

आपल्याकडे काय झालं? महाराष्ट्र याबाबतीत मागे नव्हता. जलप्रदूषण रोखणारा राज्याचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये झाला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा १९७४ चा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखालच्या नियमांत १९९३ मध्ये सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं घालून देण्यात आली. त्यात एक ओळ आहे : नदी-नाल्यात किंवा समुद्रकिनारी सोडायच्या पाण्यात एकूण शिल्लक क्लोरीन लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. विद्युत केंद्रांच्या थंड करणाऱ्या पाण्यासाठी मर्यादा आणखी कडक, मुक्त क्लोरीन अर्धा मिलिग्रॅम. आपल्या पालघर जिल्ह्याला ही ओळ परकी नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून समुद्राचं पाणी वापरतं. डहाणूचं औष्णिक केंद्र खाडीकाठी आहे. अशा केंद्रांच्या नळांत शिंपल्या आणि शेवाळ धरू नये म्हणून क्लोरीन वापरण्याची रीत जगभर आहे.

एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. अकराशी तुलना केली तर जवळजवळ नव्वद पट. इथे न्यायाने बोलायला हवं. आपली मर्यादा नळाच्या तोंडाशी मोजायची आहे, अमेरिकेची नदीच्या पाण्यात. नदी मोठी असेल, प्रवाह जोरात असेल, तर पाणी मिसळून क्लोरीन विरळ होतो. पण उन्हाळ्यात नाल्यात सांडपाण्याशिवाय दुसरं पाणीच नसेल तर तो मिसळणार कशात?

आणखी एक गोष्ट. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राने शहरांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी वेगळी मानकं जाहीर केली. त्यात चार गोष्टी मोजायच्या : आम्लता, प्राणवायूची गरज, तरंगते कण आणि विष्ठेतले जंतू. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती आणखी कडक करायला सांगितली. जंतू किती उरले हे मोजायचं, हे उत्तमच झालं. पण जंतू मारणारं औषध किती उरलं, हा प्रश्न त्या चारांत नाही. तो १९९३ च्या जुन्या यादीत पडून राहिला. आता केंद्र चालवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पाणी नीट शुद्ध झालेलं नाही, तपासणी उद्यावर आली आहे. जंतूंचा आकडा खाली आणण्याचा स्वस्त उपाय कोणता? हायपोचा आणखी एक कॅन. आकडा कागदावर सुधारतो. खाडीत काय जातं, ते कागदावर येत नाही.

मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडण्याची समजूत मी मघाशी म्हटली, ती हीच.

वसईला पाण्याची जाण नव्हती असं नाही. इथल्या वाड्यांतून बावखलं होती. पावसाचं पाणी साठवणारी, रहाटाने केळी-पानवेलींना पाणी देणारी, विहिरींचं पाणी गोडं ठेवणारी. याच पाण्यासाठी, टँकरने होणाऱ्या उपशाविरुद्ध आणि बांधकामांविरुद्ध, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हरित वसईचं आंदोलन उभारलं. पुढे शहर वाढलंच. २००९ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर गेली. सांडपाण्यासाठी मात्र बरीच वर्षं भरवसा विरारजवळच्या बोळिंज इथल्या एकाच प्रक्रिया केंद्रावर होता. बाकीचं पाणी नाल्यांतून खाडीत. हा प्रश्न हरित लवादापर्यंत गेला. जिल्ह्याच्या उत्तरेला तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने लवादाचं दार ठोठावलं आणि २०२२ च्या जानेवारीत कारखान्यांना भरपाईचा आदेश झाला. मच्छीमारांनी स्वतः लढून मिळवलेला तो निकाल आहे.

कुणी म्हणेल, जिथे सांडपाणी मुळातच शुद्ध होत नाही, तिथे क्लोरीनची चिंता कशाला? मला उलट वाटतं. केंद्रं बांधायची आहेत, म्हणूनच आत्ता विचारायला हवं. क्लोरीन काढून टाकायची टाकी आराखड्यात आधीच असली तर खर्च थोडा. नंतर बसवायची म्हटलं तर ती कधीच बसत नाही.

गेल्या काही वर्षांनी दोनदा आठवण करून दिली आहे. २०२० च्या मार्चअखेर, टाळेबंदीत उत्तर प्रदेशातल्या बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांवर हायपोक्लोराइटचे फवारे मारले गेले. तेव्हा देशभर रस्त्यांवर, भिंतींवर किती फवारणी झाली ते आपण पाहिलं आहे. ते सगळं शेवटी गटारातच गेलं. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात आमच्याच वसईत, पाण्याच्या टाकीजवळ पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला. एका माणसाचा जीव गेला, अग्निशमन दलाच्या जवानांसह अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. २०१० मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरला असंच झालं होतं. पहारेकऱ्याला कामावर ठेवायचं आणि काम संपल्यावर त्याची आठवणही ठेवायची नाही, ही आपली जुनी खोड.

फार मोठ्या मागण्या नाहीत. सांडपाणी केंद्राच्या शेवटच्या नळाशी जंतूंबरोबर क्लोरीनही मोजा, आणि तो आकडा फलकावर लिहा. आधी पाणी चांगलं शुद्ध करा म्हणजे औषध कमी लागेल. उरलेलं औषध काढूनच पाणी सोडा. खेड्यातला जलसुरक्षक रोज सकाळी एका काचेच्या नळीत शिल्लक क्लोरीन बघतो. ते शहराला जड जाऊ नये.

आमच्या मशिदीत आता नळाच्या तोट्या आहेत. हौज बुजवला, त्यालाही बरीच वर्षं झाली. मौलवीसाहेबही राहिले नाहीत. परवा बाजारात आमच्या ओळखीची कोळीणमावशी भेटली. टोपलीत बोईट होते, थोड्या चिंबोऱ्या. "खाडीचे आहेत का?" मी विचारलं. "आता खाडीचे कुठले, भाऊ," ती म्हणाली, "हे लांबून येतात." कशामुळे, ते तिने सांगितलं नाही, आणि एकाच कारणावर बोट ठेवणं बरोबरही होणार नाही. खाडीला पुष्कळ दुखणी आहेत. पण घरी येताना मौलवीसाहेबांचं वाक्य पुन्हा आठवलं. माशांचं मला ठाऊक नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले होते. त्यांना तसं म्हणता येत होतं. आपल्याला आता ठाऊक आहे.